टँकर कलंडला, डिझेल ज्वारीत शिरलं: काळ्या मातीतल्या सहा गुंठ्यांचं प्रकरण

सोलापूर–धुळे महामार्गाला लागून बीड जिल्ह्यात १ एकर १० गुंठ्यांचं रान. भारी काळी माती, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पेरलेली कोरडवाहू रब्बी ज्वारी. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, पीक ३५ दिवसांचं असताना, रस्त्यावर डिझेलचा टँकर कलंडतो. टँकरच्या पोटात वेगवेगळे कप्पे असतात. त्यातला एक फाटतो आणि ४,००० लिटर डिझेल रस्त्याकडेच्या चारीत उतरतं. हजारेक लिटर चारीतच अडवून उपसलं जातं. उरलेलं ३,००० लिटर बांधाच्या खांडीतून ज्वारीत शिरतं आणि ६ गुंठे भिजवतं. शेत आणि त्याची मापं इथे नमुन्यादाखल धरली आहेत. माती, पीक आणि तेल यांचं एकमेकांशी वागणं मात्र मराठवाड्यात असंच असतं, आणि मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून निघालेले टँकर रोज या भागातल्या रस्त्यांवरून जात असतात.

अशा रानाकडे बघून गावात पहिला शब्द निघतो, ‘माती जळाली’. त्या शब्दामुळेच पुढचे उपाय चुकतात. जळालेली समजून माती खरडून ओढ्यात टाकतात, नाहीतर खोल नांगरून गाडतात, नाहीतर पाणी सोडून धुवायला जातात. डिझेलनं पिकाचं जे नुकसान होतं त्यात थेट विषाचा वाटा असतोच, पण तो मुख्यतः पहिल्या काही आठवड्यांचा. त्यानंतरचं नुकसान तीन अडवणुकींचं असतं: पाणी मातीत मुरत नाही, हवा मुळाशी पोचत नाही, आणि असलेलं नत्र सूक्ष्मजीव गिळून बसतात. या तिन्ही गोष्टींवर शेतकऱ्याला काम करता येतं.

किती मातीत किती तेल

उपाय ठरवण्याआधी हा हिशोब कागदावर यायला हवा. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती धरली आणि तिचं वजन घनमीटरला १,३०० किलो मानलं, तर एका गुंठ्यात सुमारे १९.७ टन माती येते. डिझेल लिटरला साधारण ८३० ग्रॅम भरतं, म्हणून ३,००० लिटरचे झाले २,४९० किलो. सहा गुंठ्यांच्या ११८ टन मातीत ते सारखं पसरलं असतं तर प्रमाण २.१ टक्के निघालं असतं.

पण ते सारखं पसरत नाही. खांडीच्या तोंडाशी एक गुंठा असा निघतो जिथे तेल ३० सेंटिमीटरपर्यंत उतरलेलं असतं, प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास. त्याच्या खाली, उताराच्या बाजूला, दोन गुंठ्यांचा मधला पट्टा, वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये २ टक्के. आणि कडेचे तीन गुंठे, जिथे तेल फक्त सरीसरीनं झिरपत गेलं, ०.८ टक्का. बेरीज करून पाहा: १,१८० अधिक ७९० अधिक ४७० किलो, म्हणजे गळालेल्या तेलाशी जुळती. बेरीज जुळली नाही तर समजायचं की तेल खाली भेगांत गेलंय किंवा ओढ्याकडे निघालंय, आणि ते शोधायला हवं.

भेगांचं प्रकरण काळ्या मातीत सगळ्यात महत्त्वाचं आहे. आपली माती बेसाल्टची, चिकण कणांचं प्रमाण बऱ्याच ठिकाणी निम्म्याच्या आसपास, आणि ते कण ओलीनं फुगणारे, सुकल्यावर आखडणारे. ऑगस्टमध्ये टँकर कलंडला असता तर माती फुगलेली, भेगा मिटलेल्या. डिझेल वरच तरंगत राहिलं असतं आणि पुष्कळसं उपसता आलं असतं. मे महिन्यात कलंडला असता तर मनगट जाईल एवढ्या भेगांतून ते काही मिनिटांत दोन-तीन फूट खाली गेलं असतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ओळींच्या मध्ये बारीक भेगा नुकत्या पडू लागलेल्या असतात. तेल त्यांतून जातं आणि भेगांच्या भिंती माखतं. खांडीच्या तोंडाशी हातभर खोल खड्डा घेऊन एक ढेकूळ काढलं तर बाहेरची बाजू ओशट, चकाकणारी आणि वासाची असते. तेच ढेकूळ दोन हातांत धरून फोडलं तर आतली माती कोरडी, मळकट काळी आणि बिनवासाची. म्हणून नमुना घेताना भेगेच्या भिंतीची माती आणि दोन भेगांमधली माती वेगळी घ्यावी लागते. दोन्ही एकाच घमेल्यात कालवली की आकडा मधलाच कुठला तरी येतो आणि तो खड्ड्यातल्या कुठल्याच मातीला लागू पडत नाही.

पिकात काय दिसतं, आणि का

खांडीच्या तोंडाशी पानांना थेट डिझेल लागतं. पानावरचा मेणाचा थर त्यात विरघळतो, पेशींची पातळ आवरणं फुटतात. एक-दोन दिवसांत पान उकडल्यासारखं मऊ पडून करपतं. तिथलं पीक गेलं, त्यात शंका घेण्यासारखं काही नसतं.

मधल्या पट्ट्यात ताटं उभी राहतात आणि इथेच फसगत होते. आठ-दहा दिवसांनी खालची पानं टोकाकडून मधल्या शिरेलगत पिवळी पडू लागतात. ही नत्राच्या भुकेची खूण. डिझेलमध्ये वजनानं सुमारे ८६ टक्के कर्ब असतो आणि नत्र नसल्यातच जमा. मातीतले जिवाणू तेल खायला लागले की शरीर बांधायला त्यांना नत्र लागतं, आणि ते मातीतलंच उचलतात. ज्वारीच्या मुळाला त्यांच्याशी स्पर्धा जमत नाही. कोरडवाहू ज्वारीला पेरणीवेळी हेक्टरी ४० किलो नत्र दिलेलं असलं तरी ते गुंठ्याला जेमतेम ४०० ग्रॅम होतं. एवढ्यानं तेल खाणाऱ्या जिवाणूंची न्याहारीही होत नाही.

दुसरी खूण दुपारच्या आधीच दिसते. शेजारच्या निरोगी ओळीत पानं अजून पसरलेली असतात, इथे अकरा वाजताच ती सुरळीसारखी गुंडाळलेली. खणून पाहावं तर खाली ओल असते. ३५ दिवसांच्या ज्वारीचं मुख्य मूळजाळं तयार होत असतं ते बुडख्यापासून, जमिनीच्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमधून. नेमकी तीच माती तेलकट. नवी मुळं बाहेर पडतात, बोटभरही न वाढता जाड आणि बोथट होतात, त्यांना केसमुळं जवळजवळ फुटत नाहीत. खालची ओल आणि ताट यांच्यातला पूलच बांधला जात नाही.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. १ किलो डिझेल पुरतं विघटित व्हायला साधारण ३.४ किलो प्राणवायू लागतो. मधल्या पट्ट्यातल्या ७९० किलोला २,७०० किलो, म्हणजे जवळपास १०,००० घनमीटर हवा. त्या दोन गुंठ्यांच्या वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये एका वेळी जेमतेम ६ घनमीटर हवा मावते. सगळं तेल जिवाणूंच्या पोटी जायचं तर ती हवा दीड हजारांहून जास्त वेळा बदलावी लागेल. तोवर जिवाणू मुळाच्या वाटणीचा प्राणवायूही ओढतात. खाली माती निळसर-राखाडी झाली आणि सडक्या अंड्यासारखा वास आला तर हवा संपली असं समजावं.

कडेच्या तीन गुंठ्यांत पीक बऱ्यापैकी दिसतं, आणि तरी उतारा पडतो. कारण वेळ. तीस-पस्तीस दिवसांच्या सुमारास ज्वारीच्या पोंग्यात कणसाचा गर्भ ठरत असतो. कणसात किती दाणे मावणार याचा पाया त्या आठवड्यांत घातला जातो. तेव्हा नत्राचा आणि पाण्याचा ताण बसला तर पुढे कितीही चांगलं हवामान मिळालं तरी कणीस आखूड आणि विरळच राहतं. वर, ताणातल्या ताटांवर दाणा भरताना खडखड्या येण्याचा धोका वाढतो: बुडखा आतून पोकळ, काळा भुकटा, आणि वाऱ्याच्या एका झोतात ओळ आडवी.

गव्हाचं रान असतं तर चित्र थोडं वेगळं दिसलं असतं. गव्हाच्या वाफ्यात पाणी दिल्यावर तेलकट चट्टे कोरडेच राहतात, पाणी त्यांच्या कडेनं वळसा घालून जातं. पीक ठिगळांसारखं उगवतं. मका पाणी साचण्याला आणि हवेच्या तुटवड्याला ज्वारीपेक्षा हळवा असतो.

तेलाचं प्रमाण आणि तृणधान्याचं नुकसान यांचा ढोबळ मेळ असा धरता येतो: वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर चांगल्या निगेनं पीक तग धरतं, १ टक्क्याच्या आसपास वाढ आणि उतारा दोन्ही ठळकपणे घटतात, २ टक्क्यांच्या पुढे बियाणं उगवलंच तर उशिरा आणि विरळ. पेट्रोल असतं तर त्यातलं बरंच उडून गेलं असतं. डिझेल हळू उडतं, आणि गाडीचं काळं ऑइल तर वर्षानुवर्षं जागचं हलत नाही. गॅरेजशेजारच्या पट्टीत वर्षानुवर्षं काहीच नीट का येत नाही, याचं उत्तर तिथे आहे.

पहिले दोन दिवस

आधी आग. डिझेलची वाफ ठिणगीनं पेटू शकते ते तापमान (फ्लॅश पॉइंट) भारतात किमान ३५ अंश सेल्सिअस ठरवलेलं आहे, आणि मराठवाड्यात मार्च ते मे दुपारी पारा त्याच्या वरच असतो. नोव्हेंबरच्या उन्हात तापलेल्या डांबरावरही तेवढी उष्णता मिळू शकते. म्हणून बिडी-काडी, विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर, मळणीयंत्र, सगळं बंद. कॅन घेऊन डिझेल भरायला धावणाऱ्या लोकांना अडवावं. असल्या गर्दीतच माणसं भाजली आहेत. ११२ ला फोन करताना टँकरच्या मागच्या-बाजूच्या पाटीवरचा चार आकडी क्रमांक सांगावा: १२०२ म्हणजे डिझेल, १२०३ म्हणजे पेट्रोल. आपत्कालीन फोन नंबरही त्याच पाटीवर असतो.

मग खांड बुजवायची, मातीच्या गोण्यांनी. उताराच्या खालच्या अंगाला फूटभर उंचीचा मातीचा वरंबा घालायचा, विहीर आणि ओढा वाचवण्यासाठी. साचलेल्या तेलावर कोरडी बारीक माती, लाकडाचा भुसा किंवा तुरीचं भुसकट टाकून ते शोषून घ्यायचं आणि घमेल्यांनी पिंपात भरायचं.

पाणी सोडायचं नाही. डिझेल पाण्यावर तरंगतं. पाण्याबरोबर सहा गुंठ्यांचे सोळा होतात. कपडे धुण्याची पावडर किंवा साबणाचं पाणी फवारायचा सल्ला हमखास मिळतो, तोही ऐकू नये: साबणानं तेल पाण्यात मिसळतं आणि मुळांच्या थरात, पुढे विहिरीत उतरतं. पेटवून देणं सगळ्यात वाईट. वरची वाफ जळते, जड डांबरी भाग मातीत चिकटून राहतो, आणि जे जिवाणू पुढे सगळं काम करणार आहेत ते वरच्या थरात मरतात.

विहिरीत तेल गेलंच असेल तर पाण्याची पातळी खाली जाऊ देऊ नये. पातळी उतरली की तेलाचा थर दगडी कडांवर माखत जातो आणि महिनोन्‌महिने ठिबकत राहतो. वरचा थर शोषून काढावा. पाण्यावरचा तवंग तेलाचा आहे की लोहाच्या जिवाणूंचा, हे काडीनं कळतं: काडी फिरवली आणि तवंग काचेच्या तुकड्यांसारखा फुटला तर लोहाचा, फुटून पुन्हा एक झाला तर तेलाचा.

खांडीच्या तोंडचा गुंठा

इथली माती काढावी लागते. ३ टक्के तेल आणि फूटभर खोली, एवढ्याची जागेवर निगराणी करण्यात दोन-तीन हंगाम जातात. पंचनामा आणि फोटो झाल्यावरच काढायची, आणि काढून कुठे न्यायची हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाशी बोलून ठरवायचं. शेताच्या कोपऱ्यात ढीग लावून मुरवायची परवानगी मिळाली, तर तो असा बांधता येतो.

गुंठ्याची फूटभर माती म्हणजे ३० घनमीटर, मोकळी झाल्यावर ४०. खाली अंथरायला शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद, ५ मीटर रुंद आणि २४ मीटर लांब, कडा दुमडून वर घेतलेल्या. मातीत ८ घनमीटर कुजलेलं शेणखत आणि ४ घनमीटर सोयाबीनचं भुसकट मिसळायचं. भुसकट हवेच्या वाटा ठेवण्यासाठी. जास्त टाकलं तर तेही नत्र मागतं. ढीग ३ मीटर रुंद, १.२ मीटर उंच, सुमारे २० मीटर लांब. दर २ मीटरला आडवा एक पाइप: तुषार संचाचे जुने ७५ मिलिमीटरचे पाइप चालतात, वीतभर अंतरावर भोकं पाडलेले, दोन्ही तोंडं उघडी. वरून ताडपत्री, पण टेकवून नव्हे, काठ्यांवर उचलून. पंधरवड्याला एकदा जेसीबीनं पालटायचा, महिन्याला १० किलो युरिया पाण्यात विरघळवून. ओल किती, ते मुठीनं पाहायचं: माती दाबली की लाडू व्हावा, बोटानं टोचला की फुटावा, आणि तळहात ओला होऊ नये.

हा ढीग बहुतेक ठिकाणी बिघडतो तो दोन कारणांनी. एक म्हणजे माती ओली असताना रचली जाते. काळ्या मातीची ओली ढेकळं आत विटेसारखी घट्ट होतात आणि त्यांच्या पोटात हवा पोचत नाही, त्यामुळे सहा महिन्यांनी ढेकूळ फोडलं तर डिझेलचा वास ताजा असतो. दुसरं, फेब्रुवारीपासून ढीग सुकतो आणि कोणी पाणी मारत नाही. सुकलेल्या ढिगात जिवाणू झोपतात.

खड्डा भरायला तलावाचा गाळ चांगला. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तो मिळतो. पहिल्या वर्षी गाळाचे थर घट्ट बसतात, म्हणून शेणखत मिसळूनच पसरावा.

मधला पट्टा: वाफसा, वखर, नत्र

दोन गुंठ्यांचं हे काम वाफशाच्या, म्हणजे औत नीट चालेल एवढ्याच ओलीच्या, हिशोबानं चालतं. वाफसा आला की वखराची पाळी किंवा हलका रोटाव्हेटर, खोली १५ सेंटिमीटरच्या आत, दर दोन-तीन आठवड्यांनी. वाफशाच्या आधी औत घातलं की ढेकळं पडतात. उशिरा घातलं की मातीची धूळ होते आणि तेल माखलेल्या धुळीवर पाण्याचा थेंब मोत्यासारखा लोळत राहतो. पलटी नांगर इथे आणूच नये. तो तेलकट थर हवा नसलेल्या खोलीवर नेऊन ठेवतो आणि वर नवी माती येऊन रान छान दिसतं; पुढच्या हंगामात मुळं फूटभर खाली गेली की पीक बसतं.

नत्राचं गणित जपून करायचं. जिवाणूंसाठी कर्ब आणि नत्र १०० ला १० या मापानं लागतं असं पुस्तकी सूत्र आहे. मधल्या पट्ट्यात ६८० किलो कर्ब. त्या सूत्रानं ६८ किलो नत्र, म्हणजे दोन गुंठ्यांत जवळपास दीड क्विंटल युरिया. एवढा एकदम टाकला तर मातीतलं पाणी इतकं खारं होतं की जिवाणूच मरतात. पूर्ण मात्रेची गरजही नसते, कारण मेलेल्या जिवाणूंतलं नत्र पुढच्या पिढीला पुन्हा मिळतं. गुंठ्याला ५ किलो युरिया, तीन ते चार आठवड्यांच्या अंतरानं चार वेळा, एवढं बेतशीर आहे. आपल्या चुनखडीच्या, विम्ल (अल्कलीधर्मी) मातीत युरियातलं नत्र अमोनिया होऊन उडतं. म्हणून तो पसरून लगेच वखरानं मिसळावा. अमोनियम सल्फेट मिळालं तर ११ किलोंत तेवढंच नत्र येतं आणि ते या मातीला जास्त मानवतं. पहिल्या खेपेला गुंठ्याला ६ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ५ क्विंटल शेणखत.

बाहेरचे जिवाणू आणायचे का, हा प्रश्न येतोच. टेरी या संस्थेनं विकसित केलेलं ‘ऑइलझॅपर’ नावाचं जिवाणूंचं मिश्रण देशात तेलगाळाच्या जागांवर वापरलं गेलं आहे. पण ताज्या डिझेलसाठी आपल्या मातीतलेच जिवाणू पुरेसे असतात. त्यांना खाऊ घालायला लागतं. १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर जहाजातलं कच्चं तेल पसरलं तेव्हाही तिथल्याच जिवाणूंना खत देण्याचा मार्ग वापरला होता. जीवामृत किंवा गुळाचं पाणी मात्र इथे टाळावं. जिवाणू आधी गूळ खातात, हवा त्यातच संपते, तेल राहून जातं.

खरी अडचण पाण्याची. विघटनाला माती धरून ठेवेल त्या पाण्याच्या निम्मी तरी ओल लागते, आणि कोरडवाहू रानात डिसेंबरनंतर ती वरच्या थरात नसते. तेलकट माती पाणी झिडकारते, म्हणून पाटानं दिलेलं पाणी वाया जातं. तुषार संचाच्या बारीक थेंबांनी, अर्धा-अर्धा तास, दिवसाआड, असं मुरवत न्यावं लागतं. दोन गुंठ्यांसाठी टँकरचं पाणी विकत घ्यावं का, असं वाटेल. जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत माती ओली ठेवली तर पुढचा अख्खा हंगाम वाचतो, म्हणून आमच्या मते घ्यावं.

कडेच्या तीन गुंठ्यांना पीक काढल्यावर अर्ध्या मात्रेत हेच करायचं. तोवर पिकाला गुंठ्याला २ किलो युरिया ओळीच्या बाजूनं, पाण्याबरोबर दिला तर पिवळेपणा बराच आवरतो. हुकलेलं कणीस मात्र परत येत नाही.

खांडीच्या तोंडचा आणि मधल्या पट्ट्यातला कडबा जनावराला घालू नये. डिझेल पोटात गेलेल्या गाई-म्हशींना पोटफुगी होते, आणि रवंथ करताना ते श्वासनलिकेत उतरलं तर फुप्फुसाची सूज येते. ती बरी करणं डॉक्टरांनाही जड जातं. या दोन्ही जागांचा दाणाही घरात घेऊ नये.

तपासणी, आणि मृदा पत्रिकेचा सापळा

रानात करायची चाचणी सोपी आहे. वाळलेल्या मातीवर पाण्याचा थेंब ठेवून घड्याळ पाहायचं. ५ सेकंदांत मुरला तर माती पाणी घेते. मिनिटभर लागला तर थोडी अडचण. १० मिनिटांनीही थेंब तसाच बसला असेल तर त्या ठिकाणी पेरणीचा विचारही नको. शेतात दहा-बारा ठिकाणी हे करून नकाशावर मांडलं की पट्ट्यांच्या हद्दी आपोआप उमटतात.

प्रयोगशाळेसाठी नमुने ०–१५, १५–३० आणि ३०–६० सेंटिमीटरचे वेगळे, आणि एक निरोगी कोपऱ्यातला. प्लॅस्टिकच्या पिशवीत नेऊ नये. तेल प्लॅस्टिकमध्ये मुरतं आणि उडूनही जातं. काचेची बरणी काठोकाठ भरून, झाकणाखाली अॅल्युमिनियमचा कागद, आणि बर्फाच्या डब्यातून. चाचणी एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बनची, म्हणजे मातीत उरलेल्या तेलाची, मागायची.

मृदा आरोग्य पत्रिकेची साधी तपासणी केली तर एक विचित्र आकडा येऊ शकतो: सेंद्रिय कर्ब भरपूर. तो डिझेलचा कर्ब असतो. सेंद्रिय कर्बावरून नत्राची शिफारस ठरते, त्यामुळे पत्रिका सांगते की नत्र कमी द्या, आणि रान तर नत्राच्याच उपासमारीनं पिवळं पडलेलं असतं. तेल सांडलेल्या रानात त्या शिफारशीवर खत ठरवू नये.

भरपाईचे कागद

पीक विम्यात हे नुकसान बसत नाही. तो विमा नैसर्गिक आपत्तींसाठी आहे. वाट आहे ती वाहनाच्या विम्यातून, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे. मोटार वाहन कायद्यातल्या १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार हा अर्ज अपघातापासून ६ महिन्यांत करायचा आहे. नोव्हेंबरचा अपघात, म्हणजे मे महिन्याची सुरुवात. पण नुकसान पुढच्या रब्बीपर्यंत चालणार असतं. म्हणून पहिल्याच अर्जात चालू हंगामाचं धान्य आणि कडबा, माती काढण्याचा आणि मुरवण्याचा खर्च, गाळ, पाणी, आणि पुढचे दोन पडीक हंगाम वेगवेगळे मांडावेत. कडब्याचा भाव लोक धरायला विसरतात. रब्बी ज्वारीत तो उत्पन्नाचा मोठा वाटा आहे.

सोबत लागतं ते: पोलिसांचा पंचनामा आणि तक्रारीची प्रत, महसूल आणि कृषी खात्याचा संयुक्त पंचनामा, ई-पीक पाहणीची नोंद असलेला सातबारा, वाहनाचा क्रमांक दिसणारे फोटो, प्रयोगशाळेचे अहवाल. उताऱ्यातली घट दाखवायला पीक उभं असलेल्या प्रत्येक पट्ट्यातून आणि निरोगी भागातून ५ बाय ५ मीटरचे तीन-तीन तुकडे मोजून कापावेत, कणसं आणि कडबा वेगळा तोलून, सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांच्या (पूर्वीचे कृषी सहाय्यक) सहीनं. कापणी फेब्रुवारीत उरकते, तोवर निरोगी भाग परस्पर काढून टाकला तर तुलनेला काहीच उरत नाही.

पुढचा खरीप, पुढची रब्बी

जूनमध्ये पाऊस पडला की माती फुगते, भेगा मिटतात आणि भेगांच्या तळाशी राहिलेलं तेल कोंडलं जातं. म्हणून एप्रिल-मेमध्ये, भेगा उघड्या असताना, मधल्या पट्ट्यात पहारीनं दर मीटरला दोन फूट खोल भोकं पाडून त्यांत शेणखत आणि जाड वाळू भरून ठेवावी. हवेला खाली जायला एवढी एकच वाट राहते.

खरिपात त्या दोन गुंठ्यांवर धान्यासाठी पीक घेऊ नये. फक्त माती सुधारण्यासाठी ज्वारी किंवा मका दाट पेरावा, बियाणं नेहमीच्या दुप्पट. तंतुमय मुळांभोवती जिवाणूंची दाटी वाढते आणि तेल संपण्याचा वेग वाढतो. तागाचा मोह होतो, पण तेलकट मातीत त्याच्या मुळांवर गाठी नीट धरत नाहीत आणि नत्र मिळत नाही. ज्वारी किंवा मका फुलोऱ्याआधी कापून सगळं जागेवर कुजवावं, गोठ्यात नेऊ नये.

सप्टेंबरच्या सुरुवातीला कुंड्यांत परीक्षा घ्यायची. प्रत्येक पट्ट्याची माती आणि निरोगी माती, चार-चार कुंड्या, प्रत्येकीत ज्वारीचे २५ दाणे. दहाव्या दिवशी उगवण मोजायची, आणि रोपं उपटून मुळं पट्टीवर धरायची. उगवण सारखी पण मूळ निरोगी कुंडीच्या तीन-चतुर्थांशापेक्षा आखूड, असं दिसलं तर अजून एक हंगाम थांबावं. उगवणीवर समाधान मानून पेरलेली ज्वारी पाचव्या आठवड्यात, बुडख्याच्या मुळांच्या वेळी, पुन्हा अडते. मूळ बरोबरीला आलं आणि प्रयोगशाळेचा आकडा किलोला १,००० मिलिग्रॅमच्या खाली असला, तर नेहमीच्या वाणाची नेहमीसारखी पेरणी, पहिल्या वर्षी नत्र दीडपट.

ढिगातली माती किलोला ५,००० मिलिग्रॅमच्या खाली आल्याशिवाय परत रानात पसरू नये, आणि तेव्हाही आधी बांधावर, झाडांच्या ओळीत. त्यानंतरच्या मार्चमध्ये, कापणी झाल्यावर भेगा उघडतील तेव्हा खांडीच्या तोंडापासून मधल्या पट्ट्यापर्यंत सकाळच्या गारव्यात चालत जावं आणि आठ-दहा भेगांशी वाकून वास घ्यावा. जिथे डिझेल अजून जाणवेल तिथे खुंटी ठोकून ठेवावी. पुढचं पहारीचं काम तेवढ्याच जागी करायचं.